श्वास घ्यायला फुरसत नाही

लेकीने ते मनगटी यंत्र टेबलावर ठेवलं, तेव्हा काटेकाकांनी आधी ते उलटं करून पाहिलं. मग कानाला लावलं. मग डोळ्याला भिंग लावून त्याच्या कडा तपासल्या, आणि उघडायला कुठे फटच नाही म्हटल्यावर ते लेकीकडे परत सरकवलं.

"हे घड्याळ नाही," ते म्हणाले.

"बाबा, वेळ दाखवतं ना?"

"वेळ दूधवालाही सांगतो. म्हणून त्याला कोणी मनगटावर बांधत नाही."

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. बेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करता करता ते नाव त्यांना चिकटलं होतं. आता ते घड्याळाच्या काट्यांवरून पडलं की जिभेच्या, यावर गल्लीत दोन मतं होती, आणि काकू दुसऱ्या मताच्या होत्या.

एरवी काकांनी ते यंत्र घरात टिकू दिलं नसतं. पण मध्ये मनोरा आला होता. सार्वजनिक वाचनालयाच्या डोक्यावर घड्याळाचा मनोरा होता, आणि ते घड्याळ गेली नऊ वर्षं चार वाजून वीस मिनिटांवर अडून बसलं होतं. ते चालू करायचं ठरलं आणि वाचनालयाच्या सेक्रेटरींनी काकांना रीतसर पत्र दिलं. जन्मभर बटणाएवढ्या चाकांत डोकं घालून बसलेल्या माणसाला आता स्वतःपेक्षा उंच काटा हाताळायला मिळणार होता. काका त्या दिवसापासून रस्त्याने मान वर करून चालू लागले आणि आठवड्यात दोनदा लोकांवर आदळले. काम एकदा झालं की डोळे मिटायला मोकळा, असं ते काकूंना सांगत, आणि काकू "भलतंसलतं बोलू नका" म्हणत.

अडचण एकच होती. वर जायला एकशे बारा लोखंडी पायऱ्या आणि शेवटी सरळसोट शिडी. साठी उलटलेल्या माणसाला डॉक्टरचा दाखला असल्याशिवाय वर सोडायचं नाही, असा वाचनालयाचा नियम होता. काका सहासष्ट वर्षांचे.

"म्हणून तर आणलंय," लेक म्हणाली. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि रिपोर्टात आलेला आकडा म्हणजे तिच्या लेखी ब्रह्मवाक्य. "पंधरा दिवस हे घालून राहा. नाडी, श्वास, झोप, सगळं टिपतं आणि माझ्या फोनवर पाठवतं. ते डॉक्टरीणबाईंना दाखवलं की दाखला तुमच्या हातात."

"माझी झोप तुझ्या फोनवर कशाला?"

"झोपेत श्वास अडकतो का ते बघायला. स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात त्याला. माणूस झोपेत श्वास घ्यायचा थांबतो आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो."

"ज्याचा माझा मला पत्ता नाही, ते या पट्ट्याला कळणार?"

"कळतं."

काकांनी मनोरा डोळ्यांसमोर आणला आणि पट्टा डाव्या मनगटावर चढवला. घड्याळ म्हणायला मात्र त्यांची जीभ शेवटपर्यंत वळली नाही. ते त्याला पट्टाच म्हणाले.

आता गोम अशी, की काका घड्याळ बांधून कधी झोपत नसत. हाताखाली दाबलं जातं, काचेला चरा जातो, घामाने पट्टा कुजतो, अशी त्यांची कारणं तयार असत आणि गिऱ्हाइकांना ती फुकट ऐकायला मिळत. रात्री निजायच्या आधी हातातलं घड्याळ काढायचं, फडक्याने पुसायचं आणि ड्रॉवरमध्ये कापसावर उताणं ठेवायचं, हे बेचाळीस वर्षं चाललं होतं. पट्ट्यालाही त्यांनी तोच न्याय लावला. रोज रात्री पट्टा कापसावर शांत झोपे आणि सकाळी काका तो बांधून दुकानात जात. आपण काही चुकतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी काका दुकानात गेल्यावर लेकीचा फोन आला.

"आई, बाबा रात्री झोपत नाहीत का गं?"

"झोपतात की."

"इथे रात्रीची झोप शून्य दाखवतंय. चारही रात्री."

"अगं, झोपलेले असतात. मी बघते ना."

"आई, तू झोपलेली असताना तुला काय दिसणार? बरं, आता पुढचं ऐक, घाबरू नकोस. बाबा दिवसा झोपतात. दुकानात. काल पाच तास चाळीस मिनिटं."

काकू घाबरल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या, कारण संताप उभ्याने पेलवेना.

"पाच तास? दुकानात?"

"आणि त्यात श्वास एकशे चौदा वेळा थांबला."

"थांबेल नाहीतर काय! चाळीस वर्षं हा माणूस दमून आला म्हणून मी संध्याकाळी पायावर ओतायला गरम पाणी देतेय! दिवसाढवळ्या लोळायचं आणि घरी येऊन कंबर धरायची?"

"आई, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. हा आजार असू शकतो. असा माणूस शिडीवर चढला आणि मध्येच डोळा लागला तर?"

हे मात्र काकूंच्या काळजाला लागलं. संताप आणि काळजी अशा दोन्ही गोष्टी त्यांना एकदम होऊ लागल्या, आणि त्या दिवसभर आळीपाळीने होत राहिल्या.

संध्याकाळी काका घरी आले. काकूंनी गरम पाणी दिलं नाही. समोर बसून नुसतं बघत राहिल्या.

"फार काम होतं का आज?"

"विचारू नकोस. श्वास घ्यायला फुरसत नव्हती."

काकू उठून आत गेल्या आणि डोळे पुसत लेकीला फोन केला. "अगं, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं त्यांनी!"

बाबांना थेट विचारायचं नाही असं मायलेकींनी ठरवलं. विचारलं तर ते पट्टा काढून फेकतील आणि दाखल्याशिवायच शिडी चढतील, अशी लेकीला भीती होती. आधी पुरावा पाहिजे. कोणीतरी दिवसा दुकानावर नजर ठेवायला हवी.

"आई, तूच जाऊन बस ना."

"दुपारची मला नाही जमणार," काकू घाईने म्हणाल्या. "घरात कामं असतात."

म्हणून ती कामगिरी समोरच्या शिंप्याकडे गेली. शिंपी भला माणूस. वीस वर्षं त्याचं मशीन काकांच्या दुकानाच्या बरोबर समोर होतं आणि वीस वर्षांत त्याने एकदाही वर मान करून पलीकडे पाहिलं नव्हतं. आता लेकीने सांगितल्यावर त्याने पाहिलं, आणि तो हादरला.

"ताई, खरंय तुमचं," त्याने फोनवर कुजबुजून सांगितलं. "मान खाली, हात टेबलावर, हलणं नाही की डुलणं नाही. मी दारातून हाक मारली. ओ नाही! दोनदा मारली. नाहीच!"

"घोरत होते का?"

"तेवढं काही ऐकू आलं नाही. माझं मशीन चालू होतं."

शिंप्याचा स्वभाव मदतीचा, आणि त्याच्या पोटात काही राहत नसे. दोन्ही मिळून व्हायचं ते झालं. काटेकाकांना झोपेचा आजार आहे, बसल्या जागी झोपतात आणि श्वास बंद पडतो, ही बातमी दोन दिवसांत गल्लीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली आणि परत येताना बरीच मोठी होऊन आली. निवृत्त मुख्याध्यापक आपलं घड्याळ परत न्यायला आले.

"अजून तयार नाही," काका म्हणाले.

"असू दे, असू दे. तसंच द्या," मुख्याध्यापक हळुवारपणे म्हणाले. "तुम्ही आधी पुरेशी विश्रांती घ्या."

"मला कशाला विश्रांती?"

"म्हणजे घ्यालच तुम्ही," मुख्याध्यापक म्हणाले आणि घड्याळाचे सुटे भाग रुमालात बांधून घेऊन गेले.

काका चक्रावले. वाण्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. इस्त्रीवाल्याने त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला, आणि तोही, काकांना पलीकडे जायचं नसताना. दुसऱ्या दिवशी वाचनालयाचे सेक्रेटरी सहज आल्यासारखे आले, हवापाण्याचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, "त्या मनोऱ्याचं जरा पुढे बघू. दुसऱ्या एका माणसालाही विचारून ठेवलंय. काही घाई नाही."

"नऊ वर्षं बंद आहे आणि घाई नाही?" काका ओरडले.

सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जपा," ते म्हणाले.

 काम हातचं जातंय एवढं काकांना कळत होतं आणि का जातंय ते कळत नव्हतं. अशा वेळी माणसाने डोकं शांत ठेवायला एखादं अवघड काम घ्यावं, म्हणून त्यांनी एक जुनं बायकी घड्याळ उघडलं. त्यातली केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर बसवायची होती. ही स्प्रिंग म्हणजे महाभयंकर प्रकार. नुसत्या उच्छ्वासानेही उडते आणि एकदा उडाली की फरशीने गिळलीच. म्हणून काका अशा कामाला श्वास रोखून धरत. भिंग डोळ्याला, हनुवटी छातीला, डावा हात दगडासारखा स्थिर आणि श्वास बंद. स्प्रिंग बसली की एक लांब उसासा, की पुन्हा श्वास बंद आणि पुढचा स्क्रू. दिवसाकाठी हे शंभर वेळा तरी होई. काम शिकवणाऱ्या उस्तादाने पहिल्याच दिवसापासून लावलेली सवय होती. आपण श्वास रोखतो हेही काकांना आता ठाऊक नव्हतं.

समोरून शिंप्याने ते पाहिलं. मान पडलेली, हालचाल बंद. तो मशीनवरून उडी मारून उठला, रस्ता ओलांडून धावला आणि काकांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवत ओरडला, "काका! श्वास घ्या! श्वास घ्या!"

स्प्रिंग कुठे गेली ते आजवर कोणाला सापडलेलं नाही.

काका जे बोलले त्यातलं थोडंच लिहिण्यासारखं आहे. शिंपी मागच्या पावली परत गेला आणि त्याने लेकीला कळवलं, "उठवलं एकदाचं. पण ताई, काय ते दचकले, काय चिडले! झोपमोड झाल्यावर माणूस चिडतो ना, अगदी तस्सं."

त्या संध्याकाळी सगळं फुटलं. लेक फोन घेऊन आली, काकू पदर खोचून बसल्या आणि काकांसमोर आकडे मांडले गेले. दिवसाची झोप, रात्रीचं शून्य, श्वासाचे थांबे. आलेख निळा होता आणि त्यात लाल रेघा होत्या.

"मी दुकानात झोपतो?" काकांचा आवाज चिरकला. "मी?"

"रिपोर्टात आहे, बाबा."

"आणि हे तू गल्लीभर सांगितलंस? माझा मनोरा गेला की गं त्यापायी! या पट्ट्याला साधी चावी देता येत नाही आणि त्याच्या सांगण्यावरून मला झोपाळू ठरवताय?"

"मनोरा गेला तर गेला, तुम्ही तर राहाल!" लेकही रडवेली झाली. "उद्या बारा वाजता डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. मी वेळ घेतलीय."

"उद्या सकाळी ही येईल दुकानात," काकांनी काकूंकडे बोट केलं. "बसू दे समोर. बघू दे मी झोपतो का. मग डॉक्टरकडे काय, यमाकडे न्या."

काकूंचा इलाज चालला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यापासून त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसल्या. काकांनी एक खिशातलं घड्याळ उघडलं, भिंग लावलं, मान खाली घातली. काकू जागच्या जागी पुढे झुकल्या. काकांची छाती हलेना. काकूंच्या ओठांची मात्र हालचाल होऊ लागली. त्या मोजत होत्या. एकोणिसाव्या आकड्याला बारीक टिक असा आवाज आला, स्क्रू बसला आणि काकांनी लांब उसासा सोडला.

"हे काय केलंत?" काकूंनी विचारलं.

"स्क्रू बसवला."

"श्वास का थांबवलात?"

"कोणी थांबवला?" काका म्हणाले. मग त्यांनी पुढचा स्क्रू चिमट्यात उचलला, मध्येच भिंग काढलं आणि आ वासून काकूंकडे बघत राहिले. "अगं, हो की!"

अर्ध्या तासाने लेकीचा फोन आला. "आई, बाबा दहा वाजून दहा मिनिटांना झोपले ना?"

"झोपले कसले! माझ्यासमोर बसून चौदा स्क्रू बसवले त्यांनी. श्वास थांबत नाही, हे थांबवतात. स्क्रू उडू नये म्हणून! आणि हात हलवत नाहीत म्हणून तुझ्या यंत्राला वाटतं माणूस झोपला!"

लेक एवढ्यावर हार मानणारी नव्हती. "आणि रात्रीचं शून्य?"

काकूंनी काकांना विचारलं. काकांना प्रश्नच कळला नाही. "रात्री तो ड्रॉवरमध्ये असतो," ते म्हणाले. "घड्याळ घालून कोणी झोपतं का?"

बारा वाजता तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते. लेकीने खालमानेने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. काका ऐटीत बसले होते. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. बाईंनी त्यांची छाती तपासली, नाडी पाहिली, गुडघे वाकवून घेतले, जिना चढउतार करायला लावला.

"काका, तब्येत खणखणीत आहे तुमची. यंत्राची चूक नाही, त्याला काम आणि झोप यातला फरक कळला नाही एवढंच." त्यांनी वाचनालयाचा छापील दाखला पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "वाचनालयाला मी स्वतः फोन करते. मनोरा तुमचाच."

 काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि सही कुठे होते ते पाहायला मान लांब केली. आणि काकूंना नवऱ्याचा असा काही अभिमान वाटला, की चार दिवस त्याच्यावर घेतलेल्या संशयाची भरपाई तिथल्या तिथे करून टाकावी म्हणून त्या पुढे सरसावल्या.

"डॉक्टर, मला तर आज सकाळी एकदम उलगडा झाला. एवढा कामाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दिवसाचं सोडा, हे रात्री झोपेतसुद्धा काम करतात!"

"म्हणजे?" डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर टेकलं होतं.

"म्हणजे झोपेतही असाच श्वास धरतात ना! अगदी असाच. बंद करतात, बंद करतात, मग एकदम मोठा आवाज करून सोडतात. की पुन्हा बंद. इतकी वर्षं मला कळतच नव्हतं हे काय ते. आज कळलं. स्वप्नात स्क्रू बसवत असणार!"

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं.

"काकू, किती वेळ बंद असतो श्वास?"

"साधारण पंचवीस आकडे. काम किचकट असलं की पस्तीसपर्यंत जातं. चाळीस झाले की मी कोपराने ढोसते, मग घेतात."

"आणि असं रात्रीतून किती वेळा?"

"ते यंत्रासारखं नाही सांगता यायचं," काकू विनयाने म्हणाल्या. "पण मध्यरात्रीपर्यंत साठ-सत्तर होतात. पुढे पहाटेपर्यंत तेवढेच."

लेकीने डोकं दोन्ही हातांत धरलं. काका बायकोकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत आधी अंगार होता. मनोरा हातात आला होता, सहीपुरता उरला होता, आणि ही बाई त्यांच्याच कौतुकापायी तो त्यांच्या हातातून काढून घेत होती.

"काकू," डॉक्टरीणबाईंनी टोपण पेनाला लावत हळूच विचारलं, "तुम्ही रात्रभर मोजत असता, तर मग झोपता कधी?"

"मी?" काकू थोड्या लाजल्या. "दुपारी. हे दुकानात गेले, भांडीकुंडी झाली की अकरा ते तीन. रात्री भीतीच वाटते हो. माझा डोळा लागला आणि चाळीसच्या पुढे गेले तर?"

"किती वर्षं चाललंय हे?"

"आता नक्की कसं सांगू? लेक तिसरीत असेल तेव्हापासून."

 लेक आता पस्तीस वर्षांची होती. काकांनी हात पुढे केला, बाईंच्या समोरचा दाखला उचलला, त्याची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवून दिला.

"आज सही नको," ते म्हणाले. "तुमची ती काय झोपेची तपासणी असते, ती आधी करा. मशीन लावायचं तर मशीन लावा. शिडी मग बघू."

"अहो, पण मनोरा?" काकू घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "दुसऱ्याला देतील तो! मी काही चुकीचं बोलले का?"

"काही नाही चुकलं." काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, त्यात सात मिनिटं मिळवली आणि काकूंना हाताला धरून उठवलं. "चल घरी. तुझी झोपायची वेळ टळून गेली."